बिबट्याला लावलेला चुना

आमच्या आजीच्या चुन्याच्या डबीचा आवाज मला अजून आठवतो. झाकण मिटलं की टक्. दुपारची जेवणं आटोपली की वाईच्या घराच्या ओटीवर तो टक् व्हायचा, आजी विड्याला चुना लावायची आणि डबी ओच्यात टाकता टाकता ठरलेलं वाक्य म्हणायची, "नानांनी दिली हो ही."

कोण नाना, हे कुणी विचारलं नाही. वाईपासून कोसभरावर मेणवली, मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा. आणखी कुठले नाना असणार? शिवाय आमचे एक पूर्वज त्या वाड्यावर कारकून होते असं घरात बोललं जाई. बोलणारे सगळे आमच्या घरातलेच होते, हा भाग वेगळा.

डबी पुढं माझ्या बायकोकडं आली. हिला ना विडा ना तंबाखू. हिनं तिच्यात टिकल्या आणि सेफ्टी पिना ठेवल्या, आणि तशीच ती गेल्या वर्षी आमच्याबरोबर लंडनला आली. मुलगी हॅरोला राहते. सहा महिन्यांचा व्हिसा, बाहेर नोव्हेंबर. स्वयंपाकघराचा ताबा हिच्याकडं, टीव्हीचा नातवाकडं. माझ्याकडं ताबा घ्यावा असं काही उरलं नव्हतं. बत्तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलेला माणूस रिकामा बसला की घरातल्या वस्तूंना धोका असतो. मी टिकल्या बशीत काढल्या आणि डबी पुढ्यात घेतली. तळाशी आजीच्या काळापासूनचा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन पिऊन दगड झाला होता. मुलीच्या कपाटातलं व्हिनेगर त्यावर ओतलं. फसफस झाली, नातू टीव्ही सोडून धावत आला (निवृत्तीनंतरचा माझा पहिला यशस्वी तास), आणि पाणी ओतून दिल्यावर तोच ओरडला, "आजोबा, आत सिंह आहे!"

होता. राळ्याच्या दाण्याएवढा, एक पंजा उचललेला. शेजारी एक चेहरा, मांजराचा म्हणावा तर फार गंभीर. त्याशेजारी बारक्या वळणाचा इंग्रजी एम. आणि जरा बाजूला खोल उठवलेली दोन अक्षरं, आय आणि डब्ल्यू.

जावयानं मोबाइलवर फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाला, "बाबा, ही डबी नाहीच. खिशातल्या घड्याळाची केस आहे. बाहेरची."

इंग्लंडात १७१४ ते १८३० एकापाठोपाठ चार जॉर्ज गादीवर बसले. त्यांच्या काळात खिशातल्या घड्याळाला दोन अंगरखे असायचे. आतल्या केसमध्ये यंत्र, तिच्या पाठीला किल्लीचं भोक. धूळ आणि ठेच लागू नये म्हणून वरून दुसरी केस. या दोन्हींच्या मध्ये घड्याळजी एक गोल कागद ठेवायचा, त्याच्यावर त्याचं नाव-गाव. त्या कागदावरून मला सगळं पाच मिनिटांत कळलं असतं. पण आमच्याकडं कागदाच्या जागी चुना होता. आतलं घड्याळ कधीच गेलेलं. जिथून काच दिसायची त्या पुढच्या कड्यात कुणीतरी तांब्याची चकती बसवून तिची डबी केली होती.

त्या रात्री मी झोपलो नाही. चांदीवरचे ठसे कसे वाचायचे ते शिकलो. सिंह म्हणजे चांदी स्टर्लिंग, हजारात ९२५ भाग. तो गंभीर चेहरा बिबट्याचा, म्हणजे लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये कस लावलेला. आय आणि डब्ल्यू ही केस घडवणाऱ्याची आद्याक्षरं. आणि एम म्हणजे साल. लंडनचे लोक दरवर्षी मे महिन्यात एक नवं अक्षर घेत. ए पासून यू पर्यंत, मधला जे गाळून, वीस अक्षरं. ती संपली की पुन्हा ए. तक्त्यावर बोट ठेवून खाली उतरलो. बारका एम, १७८७.

तक्ता पुढंही होता. पण नवस फेडून झाल्यावर देवळात कोण थांबतं?

१७८७! नाना फडणवीस ऐन भरात. चार्ल्स मॅलेट कंपनीचा वकील म्हणून आदल्याच वर्षी पुण्याला आलेला. वकील येतो तेव्हा नजराणा आणतो. नजराण्यात घड्याळ असणारच. नानांकडं घड्याळांचा काय तुटवडा, त्यांनी ते आपल्या विश्वासू कारकुनाला दिलं. मेणवलीच्या घाटावर वसईची घंटा टांगलेली चालते, तर वाईच्या ओटीवर लंडनचं घड्याळ का चालू नये? ज्या गावात मराठी विश्वकोश तयार झाला त्या गावचा मी माणूस. आपल्याला सगळं कळतं अशी आमची हवापाण्यातूनच आलेली समजूत. पहाटे साडेतीनला मी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सिंहाचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "नानांनी दिली हे सिद्ध झाले."

भारतात सकाळचे नऊ वाजले होते. अंगठे, हात जोडलेले, फुलं, एका भाच्याचा भगवा झेंडा. आणि पुण्याच्या चुलतभावाचा फोन. हा आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताचा संपादक. "पुस्तक मार्चमध्ये छापायला जातंय. तुला एक अख्खं पान देतो. पण नुसती डबी नको. त्या घडवणाऱ्या साहेबाची वंशावळ जोड. तीन पिढ्या तरी पाहिजेत."

इतकी वर्षं कुलवृत्तांतात माझ्या नावापुढं 'शिक्षक, वाई' एवढंच छापून येत होतं. मी हो म्हणालो.

आता आय. डब्ल्यू. कोण? पहिले काही दिवस तो जॉर्ज मायकेल मोझर असावा असं मला मनापासून वाटत होतं. मोझर हा शाफहाउझेनहून आलेला स्विस. घड्याळाच्या सोन्याच्या केसवर ठोकून चित्रं उठवण्यात त्याचा हात कुणी धरत नसे. रॉयल अकॅडमीचा तो पहिला कीपर. त्याची मुलगी मेरी फुलांची चित्रं काढी आणि अकॅडमीच्या संस्थापकांत ज्या दोनच बायका, त्यांतली ती एक. अशा माणसाची वंशावळ छापायला काय हरकत होती? पण तो १७८३ सालीच वारला होता, त्यामुळं नाइलाज झाला. आद्याक्षरं जुळत नाहीत ही अडचण मी त्याआधीच पार केली होती. आमच्या डबीवर चित्र सोडा, साधी वेलबुट्टीही नाही, तीसुद्धा.

केस घडवणारे लोक होते ते क्लार्कनवेलचे. हॅरोहून मेट्रोपॉलिटन लाइननं सरळ फॅरिंग्डनला उतरायचं आणि चढ चढायचा. आज तिथं कॉफीची दुकानं आणि आर्किटेक्टांची ऑफिसं आहेत. त्या काळात गल्लीगल्लीत घड्याळांची कामं चालत. एक माणूस घड्याळ 'बनवतो' असा प्रकारच नव्हता. कच्ची यंत्रं लँकेशरच्या प्रेस्कॉटहून यायची. यंत्रातली केसाएवढी साखळी क्राइस्टचर्चच्या बायका आणि पोरी डोळे फोडून करायच्या. इथं कुणी तबकडी करी, कुणी काटे, कुणी नुसते स्प्रिंग. केसचीसुद्धा वाटणी होती. एकानं चांदीची पट्टी वळवून डाख द्यायचा आणि पाठ ठोकून फुगवायची, दुसऱ्यानं बिजागरी, तिसऱ्यानं कळ, चौथ्यानं पॉलिश. शेवटी ज्यानं यातलं काहीच केलं नाही तो दुकानदार तबकडीवर आपलं नाव घालणार. केसवाल्याला काय, तर झाकणाच्या आत, कुणाला दिसणार नाहीत अशी दोन अक्षरं. १७९६ या एका सालात गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये १ लाख ९० हजारांवर केसवर ठसे पडले. अशा एका केसचा घडवणारा मला शोधायचा होता.

क्लार्कनवेलमध्येच, नॉर्थम्प्टन रोडवर, लंडन शहराचं दफ्तर आहे. आपलं पुण्याचं पेशवे दफ्तर तसं. फरक इतकाच की इथं कुणी 'साहेब जेवायला गेलेत' म्हणत नाही. पिशवी लॉकरमध्ये, पेन बाहेर, हातात फक्त पेन्सिल. जुनी वही उघडायची तर तिला खाली उशी द्यायची. मला खुर्ची मिळाली, तिला उशी. बाकी सगळं मायक्रोफिल्मवर. पहिल्या दिवशी मी रीळ उलटं लावलं आणि दोन तास सेंट जेम्स चर्चचे बाप्तिस्मे आरशात वाचावे तसे वाचले. शेजारच्या बाईंनी येऊन रीळ फिरवून दिलं. मी म्हटलं, मोडी लिपीची सवय आहे, त्यामुळं लक्षात आलं नाही. मोडी मला येत नाही.

मग आला आय. जुने इंग्रज ठशांमध्ये जे च्या जागी बेलाशक आय वापरायचे. म्हणजे आय हा आयझॅक असेलच असं नाही. जॉन, जेम्स, जोसेफ, जेकब, जोनाथन, कुणीही. आणि डब्ल्यू? राइट सुद्धा डब्ल्यूनंच सुरू होतो हे कळलं त्या दिवशी मी लवकर घरी आलो. वुड, वेब, व्हाइट, वॉकर, विल्सन, विल्यम्स. त्यात बापाचं नाव जॉन, तर मुलाचं जॉन. तो जॉन दगावला तर पुढच्याचं नाव पुन्हा जॉन. आणि १८१३ च्या आधीच्या बाप्तिस्म्यांत बापाचा धंदा क्वचितच लिहिलेला. मी जॉन डब्ल्यू मोजायला लागलो आणि दुपारच्या जेवणापर्यंत मोजणं सोडलं.

जेवण म्हणजे पोळीत गुंडाळलेली बटाट्याची भाजी आणि लिंबाच्या लोणच्याची फोड. दफ्तराला लागून स्पा फील्ड्स नावाची छोटी बाग आहे, तिथल्या एका बाकावर बसून मी ती खायचो. बाक ऊबदार, कबुतरं ओळखीची झालेली. या बागेकडं आपण पुन्हा येणार आहोत.

आता मला सत्यनिष्ठेची परीक्षा द्यायची असती तर मी इथं नापास झालो असतो. मी माणूस शोधला नाही, निवडला. शिकाऊ पोरांच्या करारांवर १७१० पासून सरकार कर घेई, त्यामुळं १८११ पर्यंत कोण कुणाकडं काय शिकायला राहिला, बापानं किती पौंड मोजले, त्याची नोंद आहे. सात वर्षांचा करार, त्यात लग्न नाही, जुगार नाही, गुत्त्यात जाणं नाही. हे वाचून हिनं विचारलं, "सात वर्षांनंतर सोडायचे?" त्या नोंदींत १७६० च्या दशकातला एक पोरगा सापडला, केसचं काम शिकणारा, आद्याक्षरं बरोबर. १७८७ साली तो तिशीपार. त्याचं आडनावही छापल्यावर भारदस्त दिसेल असं होतं. मी त्याला त्याच दिवशी दत्तक घेतला. बायको, पाच मुलं, दोन घरं, सगळं त्याला जोडून दिलं. ज्या नोंदी जुळत नव्हत्या त्या 'लेखनिकाची चूक' या सदराखाली गेल्या. एका वेळी त्याची बायको त्याच्या थोरल्या मुलाहून चार वर्षांनी लहान झाली, तेव्हा मी तिला दुसरी केली.

पुढं ओल्ड बेलीच्या खटल्यांत त्याच नावाचा माणूस निघाला. चादरी चोरल्या म्हणून काळ्या पाण्यावर, थेट ऑस्ट्रेलियाला. मी हादरून पुण्याला फोन केला.

"गुन्हेगार नको," चुलतभाऊ म्हणाला.

"अरे, पण तो आपल्या कुळातला कुठं आहे?"

"म्हणून तर नको. आपला असता तर सांभाळून घेतलं असतं."

मी चादरीवाल्याला 'नामसाधर्म्य' म्हणून बाहेर काढला. तेवढा एक निर्णय बहुधा बरोबर असावा.

फेब्रुवारीत तीन पिढ्यांचा तक्ता तयार झाला. वाचनकक्षात मी तो पेन्सिलीनं पक्का करत होतो. शेजारी एक म्हातारे गृहस्थ रोज येत, कोपरांना चामडं लावलेला कोट घालून. त्यांनी माझ्या डबीचा फोटो पाहिला. बाहेर कॉफीच्या यंत्रापाशी गाठ पडली तेव्हा म्हणाले, "छान आहे. पण राजा कुठं आहे?"

मी म्हटलं, "विंडसरला असतील."

त्यांनी क्षणभर माझ्याकडं पाहिलं आणि मग फार सौम्यपणे समजावलं. १७८४ च्या १ डिसेंबरपासून चांदीवर कर होता. कर भरल्याची पावती म्हणून राजाचं डोकं उठवत. १७८७ ची केस असेल तर राजाचं डोकं हवंच. पुढं १७९७ मध्ये पंतप्रधान पिटनं घड्याळ बाळगण्यावरच कर बसवला, चांदीच्या घड्याळाला वर्षाला अडीच शिलिंग, सोन्याच्याला दहा. लोकांनी घड्याळं घेणं सोडलं, क्लार्कनवेलची चूल विझली. वर्षाच्या आत कर मागं घ्यावा लागला. त्याच ओघात १७९८ मध्ये घड्याळाच्या केसवरचा चांदीचा करही माफ झाला. तेव्हापासून केसवर राजाचं डोकं नाही.

"म्हणजे तुमची केस १७९८ च्या नंतरची. आणि तुमच्या बिबट्याचा मुकुट कुठाय? १८२१ पर्यंत असायचा. सिंहही त्याच साली आपल्याकडं बघायचा थांबला. तुमचा नाकासमोर बघतोय. बारका एम आणखी एकदा आलाय. १८२७."

चाळीस वर्षं. मी तक्ता जिथं मिटला होता, त्याच्या खालच्याच घरात.

हरणाऱ्या माणसाला आवाज फुटतो. मी म्हटलं, "यात चुना होता. शंभर वर्षं. चुन्यानं राजाचं डोकं खाल्लं. मुकुट पण."

"चुन्यानं? चांदी?" ते गृहस्थ निवृत्त दंतवैद्य निघाले. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या तोंडात चांदी भरली होती. "तुम्ही निवृत्तीआधी काय करत होता?"

"शिक्षक होतो."

"कुठला विषय?"

"इतिहास," मी म्हणालो.

चुना चांदीला काही करत नाही. वितळलेला कॉस्टिक सोडासुद्धा चांदीच्या मुशीत ठेवतात, हे मी बत्तीस वर्षं दर जूनमध्ये फळ्यावर लिहून दिलं. वाईतले किमान तीन इंजिनिअर आणि एक आमदार माझ्यामुळं हे जाणतात. आणि त्या फोटोत बिबट्याचं डोकं इतकं गुळगुळीत, टकलासारखं साफ होतं की त्यावर कधी मुकुट असेल असं त्याच्या शत्रूलाही वाटलं नसतं. मला महिनाभर दिसत होता. मी व्हॉट्सअ‍ॅपवर बाण काढून दाखवलाही होता.

१८२७ म्हणजे नानांना जाऊन सत्तावीस वर्षं. शनिवारवाड्यावर कंपनीचं निशाण लागून दहा.

दंतवैद्यांनी मग मला पहिल्या दिवशी बघायला हवं होतं ते पुस्तक दाखवलं. फिलिप प्रीस्टली यांचं, इंग्लंडमधल्या केस घडवणाऱ्यांची १७२० ते १९२० पर्यंतची नोंद. कोणता ठसा कुणी, कधी, कुठल्या पत्त्यावरून नोंदवला, ते ओळीनं. मी तीन महिने चर्चची दारं वाजवत हिंडत होतो आणि माणूस असा कपाटात उभा होता. ठशाचं वळण, साल, पत्ता जुळवून एकच उरला. जॉन नव्हता. भारदस्त आडनावाचाही नव्हता. इथं त्याचं नाव लिहीत नाही. एकदा एकाची वंशावळ दुसऱ्याला जोडल्यानंतर माझ्या शब्दावर कुणी विसंबू नये हेच बरं.

गंमत म्हणजे खरा माणूस सापडल्यावर काम सोपं झालं. १८१३ पासून बाप्तिस्म्याच्या वह्या छापील झाल्या आणि त्यांत बापाच्या धंद्याचं घर आलं. सात मुलं, सात वेळा तेच तीन शब्द, 'वॉच केस मेकर'. पत्ते चार, सगळे हाकेच्या अंतरावर. आडनावाची स्पेलिंगं तीन. दोन मुलींची नावं एकच, म्हणजे पहिली टिकली नाही. प्रत्येक ओळीत आईचं नाव, स्वच्छ अक्षरात. १८४१ च्या जनगणनेत त्याचं वय पन्नास, पण त्या खेपेला मोठ्यांची वयं पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहीत, तेव्हा चोपन्नपर्यंत काहीही. १८५१ ला बायको विधवा आणि दोघं मुलगे त्याच धंद्यात, एक नुसता बिजागऱ्या करणारा. पुढं स्विस आणि अमेरिकन कारखान्यांनी तो धंदा खाल्ला, नातू दुसरीकडं पांगले.

आणि त्याचं दफन? स्पा फील्ड्स.

ती छोटी बाग एके काळी खाजगी दफनभूमी होती. तिच्या पोटात मावतील त्याच्या कितीतरी पट माणसं तिथं पुरली गेली. १८४५ मध्ये ते बाहेर आलं तेव्हा लंडनभर बोंब झाली. मी ज्याला दफ्तरात शोधत होतो, त्याच्या डोक्यावर बसून नोव्हेंबरपासून बटाट्याची भाजी खात होतो. दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर बसलो. भाजी खाववेना. पोळी कबुतरांना घातली, आणि खिशातली डबी काढून एकदा उघडली, मिटली. टक्. बिजागरीची पाच बारीक नळकांडी, दोनशे वर्षं, आणि अजून केसभर हलत नाहीत. मुलाकडून करवून घेतली असेल की स्वतः केली असेल?

आता चुलतभावाला सांगायचं होतं. त्याआधी एक शेवटचा उपाय म्हणून मी वाईला आत्याला फोन लावला. आत्या अठ्ठ्याऐंशी वर्षांची, कान गेलेले, स्मरणशक्ती नको इतकी शाबूत.

"आत्या, ती चुन्याची डबी, नाना फडणवीसांनी..."

"कुणी?"

"नाना फडणवीस!"

"फडणवीस कसले मेल्या! आपल्या आळीतले नाना. नाना सोनार. मोडीत आली होती त्यांच्याकडं. माझ्या आजीकडून तूप न्यायचे, उधारी थकली, म्हणून डबी करून दिली. वरती तांब्याचं लावलं ते बघ, चांदी पुरली नाही. आजी जन्मभर म्हणायची, नानांनी दिली, नाहीतर तूप बुडालंच होतं."

एम दोन, नाना दोन, आणि दोन्ही वेळा मी मोठा बघून घेतला.

तरी खोड जात नाही. फोन ठेवताना माझ्या मनात आलं, नाना सोनारांच्या मोडीत लंडनची केस आली कुठून? वाईच्या डोक्यावर पसरणीचा घाट, त्यावर पाचगणी, पुढं महाबळेश्वर. सर जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर झाला कधी? १८२७! महाबळेश्वर वसवलं १८२८ मध्ये! म्हणजे नवंकोरं घड्याळ खिशात घालून...

"अहो," ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "पुरे."

मी न बोलता विचार करत होतो. हिला ऐकू कसं गेलं, देव जाणे.

कुलवृत्तांतातलं माझं पान गेलं. त्या जागी चुलतभावानं गृहकर्जाची जाहिरात घेतली. पण डबीवाल्या पणजीपुढं त्यात इतकी वर्षं 'पत्नीचे नाव उपलब्ध नाही' असं छापलेलं होतं. आत्यानं त्याच फोनवर माहेरचं आणि सासरचं दोन्ही सांगितलं. ते त्यानं घातलं.

निघायच्या आठवड्यात जावयानं नवीनच काढलं. "बाबा, डबी परत कशी नेणार?"

"जशी आणली तशी."

"आणली तेच चुकलंय. भारतातून शंभर वर्षांवरची पुराणवस्तू परवानगीशिवाय बाहेर काढता येत नाही. १९७२ चा कायदा आहे. तुम्ही दोनशे वर्षांची काढलीत. आणि सिद्ध करून ठेवलीत. ग्रुपवर. तारखेसकट."

परत नेण्याला कायद्याची काही हरकत नसावी, असं तो पुढं म्हणालाही. पण तोपर्यंत मी काळ्या पाण्यावर पोचलो होतो. सहा महिने जी चुन्याची डबी नाही असं मी जगाला ओरडून सांगितलं, ती आता चुन्याची डबीच दिसायला हवी होती. वेम्ब्लीच्या ईलिंग रोडवर पानवाले आहेत. मी चुन्याच्या दोन पुड्या घेतल्या, रात्री सगळे झोपल्यावर डबी बोटानं नीट माखली. सिंह गेला, बिबट्या गेला, एम गेला. आय. डब्ल्यू. शेवटपर्यंत जरा दिसत होता. मग तोही.

मुंबईला हिरव्या वाटेनं निघालो होतो. कस्टमच्या तरुण साहेबांनी नेमकी माझीच बॅग बाजूला घेतली. यंत्रात काहीतरी गोल दिसलं म्हणे.

"काय आहे काका?"

"चुन्याची डबी," मी जरा मोठ्यानं म्हणालो.

"तंबाखू खाता?"

ही शेजारी उभी. बेचाळीस वर्षांच्या संसारात सुपारीचं खांड घरात येऊ दिलेलं नाही. मी समोर बघत म्हणालो, "हो."

साहेबांनी डबी उघडली. आत पांढराशुभ्र ओला चुना. मिटली. टक्. पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. टक्. शेजारच्या टेबलावरच्या साहेबांना त्यांनी ती दाखवली. "झाकण कसं बसतंय बघा. आमच्या आजोबांकडं होती, पण असं नाही बसायचं." मग माझ्याकडं वळले. "कुठं मिळाली हो काका?"

"नानांनी दिली," मी म्हणालो.